ज्युडिथ नावाच्या बायका

(कार्यकर्त्यांच्या निवासी शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर, थोडा संक्षिप्त करून)



शिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘समुपदेशनातील अडचणी’ असा विषय छापलेला आहे. मी मात्र आज एका नावाबद्दल बोलणार आहे. नाव आहे ज्युडिथ. विषय सोडून ही भलतीकडेच चालली असं वाटेल, पण थोडा धीर धरा. फिरून अडचणीपाशीच यायचं आहे.

दोन वर्षांपूर्वी आमच्या केंद्रात एक मुलगी आली. वय एकोणीस, सोबत मावशी. तिची परवानगी घेऊनच हे सांगते आहे. गाव, काम, माणसं यांतलं काही सांगणार नाही. नाव मात्र सांगायलाच हवं, कारण गोष्ट नावाचीच आहे. वसईपासून गोव्यापर्यंतच्या कॅथलिक घरांत ज्युडिथ नावाच्या इतक्या मुली आहेत की त्यावरून तिला कुणी ओळखणार नाही. ती काम करायची तिथला मालक कित्येक महिने तिच्यावर जबरदस्ती करत होता. हे मावशीने सांगितलं. मुलगी खाली मान घालून बसलेली. तिला बोलतं करावं म्हणून मी अर्जावरचं नाव वाचलं आणि उत्साहाने म्हटलं, “अगं, किती छान नाव आहे तुझं! बायबलमधली ज्युडिथ केवढी शूर होती!”

तिने पहिल्यांदाच वर पाहिलं. म्हणाली, “माहीत आहे, ताई. तिने त्याचं मुंडकं उडवलं. मला तर साधं ओरडतासुद्धा आलं नाही.”

मला पुढे काही सुचलं नाही. त्यानंतर महिनाभर ती केंद्राकडे फिरकली नाही.

एम.एस.डब्ल्यू. करताना आम्हाला शिकवलं होतं की समोरच्या बाईचा न्यायनिवाडा करायचा नाही. मी तर तिला दोन हजार वर्षांपूर्वीच्या बाईच्या मापाने मोजून मोकळी झाले होते, आणि तेही कौतुकाच्या सुरात! त्या टोचणीमुळे मी या नावाच्या मागे लागले. मी ख्रिस्ती नाही. मूळ गोष्टही मी धड वाचलेली नव्हती. एका कॅथलिक मैत्रिणीकडून बायबल आणलं आणि वाचायला बसले.

ज्युडिथ म्हणजे मूळ हिब्रूतलं ‘यहुदित’. अर्थ, यहुदी स्त्री. बायबलमध्ये हे नाव पहिल्यांदा येतं ते उत्पत्तीच्या पुस्तकात, एसावच्या बायकोचं म्हणून. तिच्याबद्दल माहिती काय मिळते? ती परक्या जमातीतली होती, आणि ती व तिची सवत या दोघींमुळे सासूसासऱ्यांच्या जिवाला घोर लागला होता. संपलं! (हशा) हसताय, पण सुनांची नोंद अशीच झालेली असते.

दुसरी ज्युडिथ ही आपली. तिच्या नावाचं स्वतंत्र पुस्तक आहे. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स बायबलमध्ये ते आहे. यहुदी धर्मग्रंथांत त्याचा समावेश नाही आणि प्रोटेस्टंटही ते प्रमाण मानत नाहीत. हा इतिहास नव्हे, हेही अभ्यासक सांगतात. बाबिलोनचा राजा नबुखदनेस्सर याला या पुस्तकात अश्शूरचा राजा केलेलं आहे! तेव्हा ही गोष्ट आहे. पण गोष्टीत काय आहे आणि लोकांनी त्यातलं काय उचललं, हे पाहण्यासारखं आहे.

अश्शूरचा सेनापती होलोफर्नेस बेथुलिया नावाच्या गावाला वेढा घालतो आणि पाणी तोडतो. चौतीस दिवसांत गावातलं पाणी संपत येतं. पाणी तुटल्यावर गावात काय होतं हे आपल्यातल्या मराठवाड्याच्या बायकांना सांगायला नको. लोक पंचांवर चिडतात. पंच म्हणतात, पाच दिवस थांबू, देवाने काही केलं नाही तर शरण जाऊ. सोळा अध्यायांच्या पुस्तकात इथे आठवा अध्याय लागतो, आणि आता कुठे ज्युडिथ येते.

ती विधवा आहे. सातूच्या कापणीच्या वेळी ऊन लागून तिचा नवरा गेला. शेतं, गुरं, सोनंनाणं तिच्या ताब्यात आहे आणि सगळा कारभार पाहणारी एक दासी आहे. ज्युडिथ उठून पंचांकडे जात नाही. ती दासीला पाठवून पंचांना आपल्या घरी बोलावते आणि विचारते, देवाला पाच दिवसांची मुदत घालणारे तुम्ही कोण? पंच काय म्हणतात? तुझं म्हणणं बरोबर आहे, पण लोकांपुढे आमचा इलाज चालला नाही. तू देवभक्त बाई आहेस, तर आता पावसासाठी प्रार्थना कर! ग्रामसभेत पाण्याचा प्रश्न विचारल्यावर आपल्याला मिळणारी उत्तरं आठवा.

मग ती स्वतः ठरवते. नटूनथटून शत्रूच्या छावणीत जाते, दासी बरोबर. आपलं अन्न पिशवीत बांधून नेते. दररोज रात्री प्रार्थनेसाठी म्हणून दोघी छावणीबाहेर जातात आणि परत येतात. पहारेकऱ्यांना त्याची सवय होते. चौथ्या दिवशी मेजवानी. होलोफर्नेसचा बेत उघड आहे. पण तो दारू पिऊन आडवा होतो, आणि ती त्याच्याच तलवारीचे दोन घाव घालते. दासी मुंडकं अन्नाच्या पिशवीत टाकते आणि दोघी रोजच्यासारख्या पहाऱ्यातून बाहेर पडतात. सगळी योजना त्या रोजच्या येण्याजाण्यात होती.

पुढचं कुणी सांगत नाही. गाव वाचल्यावर अनेकांना तिच्याशी लग्न करायचं असतं. ती करत नाही. आपल्या घरात, आपल्या शेतीवर एकशेपाच वर्षांची होईपर्यंत राहते. मरण्यापूर्वी दासीला स्वतंत्र करते आणि मालमत्तेची वाटणी स्वतःच्या हाताने करते.

आता लोकांनी यातलं काय उचललं ते पाहा. सोनारानं कान टोचावेत तसं पुरुषांच्या कलेने हिचं रूप आपल्याला हवं तसं घडवलं, असं म्हणायचा मोह होतो. पण सगळ्यांनी सारखंच केलं असंही नाही. फ्लॉरेन्स शहरात दोनातेल्लो या शिल्पकाराने ज्युडिथचा कांस्यपुतळा केला होता. १४९५ साली तो नगरसभेच्या वाड्यासमोर उभा केला गेला, जुलमी सत्ता उलथल्याची खूण म्हणून. नऊच वर्षांनी, १५०४ मध्ये, मायकेलअँजेलोचा डेव्हिड कुठे ठेवायचा याची चर्चा झाली. तेव्हा एका अधिकाऱ्याने मत नोंदवलं की बाईने पुरुषाला मारावं हे काही शोभत नाही. डेव्हिडला ती जागा मिळाली आणि ज्युडिथला हलवलं. डेव्हिडनेही मुंडकंच उडवलं होतं. ते मात्र शोभलं.

१९०१ साली व्हिएन्नाच्या क्लिम्टने अर्धवट मिटल्या डोळ्यांची, सोन्यात मढवलेली ज्युडिथ रंगवली. चौकटीवर नाव लिहिलेलं असूनही लोक तिला सालोमी म्हणत राहिले, नाचून बक्षीस म्हणून मुंडकं मागणारी ती सालोमी. गाव वाचवणारी आणि लहरीखातर जीव घेणारी, दोघी बघणाऱ्याला सारख्याच! उलट, व्हेनिसमध्ये १७१६ साली विवाल्दीचं ज्युडिथवरचं संगीत सादर झालं ते अनाथ मुलींच्या आश्रमात. सेनापतीपासून दासीपर्यंत सगळ्या भूमिका तिथल्या मुलींनीच गायल्या. आपल्यापैकी कुणाला कधी तसा प्रयोग करावासा वाटला तर मला हाक मारा.

पण मला थांबायचं आहे ते आर्तेमिझिया जेंतिलेस्कीपाशी. ही रोमची चित्रकार, जन्म १५९३. १६११ साली वडिलांचा सहकारी चित्रकार आगोस्तिनो तास्सी याने तिच्यावर बलात्कार केला, मग लग्नाचं आमिष दाखवत राहिला. पुढच्या वर्षी वडिलांनी फिर्याद केली. खटला सात महिने चालला. सुइणींकडून तिची तपासणी झाली. ती खरं बोलते की नाही हे ठरवायला तिच्या बोटांना दोऱ्या बांधून त्या पिळल्या गेल्या. लक्षात घ्या, आरोपीच्या नाही, तिच्या! आणि चित्रकाराची बोटं ती. ती तरीही खरं आहे, खरं आहे, एवढंच म्हणत राहिली. तास्सी दोषी ठरला, पण रोममधून हद्दपारीची शिक्षा नीट अमलात आलीच नाही.

चारशे वर्षांपूर्वीची गोष्ट म्हणून सोडून देता येईल का? आपल्याकडे ‘दोन बोटांची चाचणी’ हा बाईच्या प्रतिष्ठेवरचा घाला आहे असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली म्हटलं. आणि ही चाचणी करणाऱ्याला गैरवर्तनाबद्दल जबाबदार धरलं जाईल असं २०२२ साली पुन्हा बजावावं लागलं.

त्या खटल्याच्या सुमारास आर्तेमिझियाने ज्युडिथ रंगवली, पुढे पुन्हा रंगवली. आधीच्या कारावाज्जोच्या चित्रात दासी म्हणजे बाजूला पिशवी घेऊन उभी असलेली म्हातारी आहे. आर्तेमिझियाची दासी तरुण आहे. ती होलोफर्नेसला अंगाचा भार देऊन दाबून धरते आहे. पुस्तकात असं नाही, तिथे दासी बाहेर उभी असते. आर्तेमिझियाने जबानीत सांगितलं होतं, की घरातल्या भाडेकरू बाईला तिने मदतीसाठी हाका मारल्या, पण ती आली नाही. चित्राचा अर्थ एवढ्यावर बेतू नये हे मला कळतं. तरी ती दासी बघताना मला ते आठवतंच.

हे नाव लावणाऱ्या खऱ्या बायकांचंही थोडं सांगते. हॉलंडची ज्युडिथ लेस्टर १६३३ साली हार्लेमच्या चित्रकारांच्या संघात दाखल झाली. चित्रावर आपली आद्याक्षरं आणि एक तारा काढायची. तिच्या मृत्यूनंतर तिची चित्रं फ्रान्स हाल्सची म्हणून खपली. १८९३ मध्ये एका अभ्यासकाला तो तारा ओळखू आला. मग किमतीवरून वाद झाला. चित्र तेच, रंग तेच, सही बाईची निघाली एवढंच!

शेक्सपिअरच्या मुलीचं नाव ज्युडिथ होतं. १६११ सालच्या एका दस्तावर साक्षीदार म्हणून तिने सही केलेली नाही, खूण केली आहे. इतक्या मोठ्या लेखकाची लेक, आणि अंगठा उठवावा तशी खूण. १९२९ साली व्हर्जिनिया वुल्फने शेक्सपिअरला एक काल्पनिक बहीण दिली, त्याच्याइतकीच बुद्धिमान, पण दारं बंद असलेली. तिचं नावही तिने ज्युडिथच ठेवलं.

आणि अमेरिकेतली ज्युडिथ ह्यूमन. पोलिओमुळे चाकांच्या खुर्चीत. आग लागली तर अडचण होईल म्हणून लहानपणी तिला शाळेत घेतलं नाही. १९७० साली शिक्षिकेचा परवाना नाकारला तेव्हा ती कोर्टात गेली. १९७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी इमारतीत अपंग साथींबरोबर तीन आठवड्यांहून अधिक काळ ठिय्या देऊन बसली आणि कायद्याचे नियम मंजूर करून घेतले. २०२३ मध्ये ती गेली. तलवार वगैरे काही नाही. बसून राहिली, एकटी नाही, आणि उठली नाही.

शेवटची, मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन. आघात आणि त्यातून सावरणं यावरचं तिचं पुस्तक १९९२ सालचं. माझ्या चुकीचं उत्तर मला तिथे मिळालं. सुटकेची वाट नसते तेव्हा शरीर थिजतं, आवाज फुटत नाही. हा भित्रेपणा नव्हे, असं ती समजावते. सावरण्याच्या तीन पायऱ्या ती सांगते. आधी सुरक्षितता, मग झालेलं सांगणं आणि त्याचा शोक, आणि मग पुन्हा माणसांत मिसळणं. यात शौर्याची पायरी नाही. मी मात्र पहिल्याच भेटीत तिथून सुरुवात केली होती.

महिन्याने मावशीकडे निरोप पाठवला, की मी चुकीचं बोलले, मला ते तिला सांगायचं आहे. ती आली. मी माफी मागितली. मग ही सगळी गोष्ट तिला सांगितली, पाण्याची, पंचांची, रोज बाहेर जाऊन परत येण्याची. तिने विचारलं, “त्या दासीचं नाव काय?” मी म्हटलं, “पुस्तकात दिलेलंच नाही.” ती थोडा वेळ गप्प होती. म्हणाली, “म्हणजे पिशवी धरायला तरी कुणीतरी होतं.”

तक्रार तिने आठ महिन्यांनी केली, तिच्या मनाने. केस चालू आहे, काय होईल सांगता येत नाही. तारखेला आम्ही दोघी जातो. डबा मी आणते.

अडचण म्हणून मला एवढंच मांडायचं होतं. आपण चळवळीतल्या बायका शूर बाईची वाट पाहतो. पोस्टरवर तीच, गाण्यात तीच. मग जी थिजली, जी नोकरी जाईल म्हणून गप्प राहिली, जी महिन्याने बोलली, तिला आपल्या दारात यायला लाज वाटते. कोर्ट तिला विचारणारच आहे की ओरडली का नाहीस. निदान आपण तरी, कौतुकाच्या मिषाने का होईना, तोच प्रश्न विचारू नये.