ध्वनिवर्धकाचा आवाज मंद कां होतो?

समुद्रसपाटीपासून सुमारें ११०० मीटर उंचीवर वसलेलें चिखलदरा आषाढ-श्रावणांत धुक्यांत बुडून जातें. भिंतींना ओल येते, पेटींतले कपडे बुरसतात, आगपेटीची काडी ओढून ओढून झिजते पण पेटत नाहीं. अशा हवेंत माणसाच्या घशाप्रमाणें यंत्राचाही आवाज बसतो, असें गमतीनें म्हणतां येईल. परंतु ज्याच्यावर तो प्रसंग गुदरतो त्याला त्यांत गंमत वाटत नाहीं.

कल्पना करावी कीं, परतवाड्याचा एक तरुण गिटारवादक आपला व्हॉल्व्हचा ध्वनिवर्धक घेऊन घाट चढून आला आहे. संध्याकाळीं एका विश्रामगृहांत त्याचें वादन व्हावयाचें आहे. यंत्र जुनें, हप्त्यानें घेतलेलें. हप्ते अजून फिटलेले नाहींत. काल घरीं तें उत्तम वाजत होतें. येथें मात्र बटण पूर्ण फिरविलें तरी सूर शेजारच्या खोलींतून येत असावा, इतकाच ऐकूं येतो. भोवतीं जमलेले लोक एकच निदान सांगतात : व्हॉल्व्ह गेले. मुंबईहून नवी जोडी मागवावयाची तर खर्च मोठा आणि दिवसही बरेच. आणि संध्याकाळ तर चार तासांवर येऊन ठेपलेली.

हें निदान बहुधा घाईचें असतें. १९०६ सालीं ली डी फॉरेस्ट यानें निर्वात काचनळींत जाळीची तार घातली आणि पुढें त्यांतूनच दुबळ्या विद्युत्प्रवाहाला बळ देण्याची युक्ति माणसाच्या हातीं आली. गिटारच्या तारेचा क्षीण स्पंद एका व्हॉल्व्हकडून दुसऱ्याकडे वाढत वाढत जातो आणि शेवटीं स्पीकरच्या पडद्याला हालवितो. या वाटेवर कोठेंही अडथळा आला तरी परिणाम एकच, आवाज मंद. मग अडथळा कोठें, हें कसें ओळखावें?

त्यासाठीं मीटर हातीं घेण्यापूर्वीं कान वापरावा. आवाज मंद आहे पण स्वच्छ आहे, कीं मंद असून फाटकाही आहे? हा भेद फार मोलाचा. मंद आणि फाटका असेल तर शेवटच्या, शक्ति देणाऱ्या व्हॉल्व्हांकडे, त्यांना मिळणाऱ्या दाबाकडे अथवा स्पीकरकडे संशयाची बोटें वळतात. कारण आंत येणारा प्रवाह पुरेसा आहे, त्याला पेलण्याची ताकद मात्र उरलेली नाहीं. उलट मंद पण स्वच्छ असेल तर शेवटचे व्हॉल्व्ह बहुतेक निर्दोष. बिचाऱ्यांना कामच पुरेसें मिळत नाहीं. दोष तेव्हां वाटेंत अलीकडे कोठें तरी आहे.

आणखी एक गोष्ट. शक्ति निम्मी झाली तरी कानाला आवाज थोडासाच उतरल्यासारखा वाटतो. तो निम्मा भासावयास शक्ति जवळजवळ दहाव्या हिश्शावर यावी लागते. म्हणून डोंगरांत विजेचा दाब २३० व्होल्टांवरून १९० वर घसरला, तर तेवढ्यानें आवाज कुजबुजीवर येणार नाहीं. चिखलदऱ्यास वीजपुरवठ्याला दोष देऊन मोकळें होणें सोपें असलें तरी येथें तें न्यायाचें नव्हे.

आपल्या तरुणाचा आवाज स्वच्छ होता. त्यानें प्रथम वायर बदलली, मग पायानें दाबावयाच्या सर्व पेट्या काढून गिटार सरळ यंत्राला जोडली. फरक नाहीं. पुढचे लहान व्हॉल्व्ह एकेक करून, यंत्र बंद करून व थंड होऊं देऊन, जवळच्या चांगल्या व्हॉल्व्हनें बदलून पाहिले. तरीही फरक नाहीं. (व्हॉल्व्हच्या पोटांत तांबूस उजेड दिसला म्हणजे तो चांगला, ही समजूत मात्र खोटी, तार तापते, पण तिच्या भोंवतालच्या लेपाची शक्ति सरलेली असूं शकते.)

आतां राहिलीं यंत्राच्या पाठीमागचीं दोन भोकें. एकांतून आवाज बाहेरच्या यंत्राकडे जातो, दुसऱ्यांतून परत येतो. कांहीं न जोडल्यास तो दुसऱ्या भोकांतील एका बारीक पत्रीच्या स्पर्शानें आंतल्या आंत पुढें सरकतो. सर्वच यंत्रांत ही सोय नसते, पण असते तेथें ही पत्री म्हणजे अगदीं नाजूक दुवा. ओल्या हवेंत तिच्यावर गंज धरतो आणि स्पर्श अर्धवट होतो. तरुणानें हातभर वायरीचा तुकडा घेऊन तीं दोन्ही भोकें एकमेकांस जोडलीं, आणि खोली दणाणली.

हा उपाय लागू पडला नसता, तर पुढचें काम उघड्या यंत्राचें होतें. कॅथोडपाशीं बसविलेला सुमारें २५ मायक्रोफॅरॅडचा कंडेन्सर वर्षानुवर्षांच्या उष्णतेनें सुकला, म्हणजे त्या टप्प्याची वाढ जवळजवळ निम्म्यावर येते. रेझिस्टन्सची किंमत बदलली, तरीही तसेंच. परंतु हें काम जाणत्याचें. वीज बंद करून प्लग काढल्यावरही मोठ्या कंडेन्सरांत ३०० ते ४५० व्होल्टांचा साठा राहूं शकतो, आणि तो जीव घेण्यास पुरेसा आहे. तो योग्य रेझिस्टन्समधून उतरवून, मीटरनें खात्री करूनच आंत हात घालावा, आणि शक्य तोंवर एकच हात. त्याचप्रमाणें स्पीकर न जोडतां व्हॉल्व्हचें यंत्र चालवूं नये. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळण्याचा संभव असतो, आणि तो हप्त्याहून महाग पडतो.

तरुणानें तीं भोकें तेवढीं पुसलीं. पत्री साफ करण्याचें द्रावण परतवाड्यास परतल्यावरच मिळणार होतें, तोंपर्यंत वायर तशीच खोवून ठेवावयाची. संध्याकाळीं धुकें खिडकींतून आंत येत होतें आणि व्हॉल्व्हांचा तांबूस उजेड भिंतीवर पडला होता. ऐकणारे वीसएक होते. मागल्या रांगेंतल्या म्हाताऱ्यानें आवाज जरा कमी करा, असें सांगितलें.