कातडीचा तुकडा काय सांगतो?

श्रोतेहो, समजा इतवारीच्या किराणा ओळीत पोती वाहणारा एक हमाल आहे. जिथे पोत्याचा घासा बसतो त्या खांद्यावर त्याच्या लाल चट्टा उठला. मग कोपरावर, गुडघ्यावर. खाजवले की चांदीच्या वर्खासारखे पापुद्रे पडतात. सोबती म्हणतात, ‘महारोग लागला बापा ह्याले!’ आणि त्याचा पेला वेगळा होतो. मेयो रुग्णालय तिथून दूर नाही. पण डॉक्टर ज्वारीच्या दाण्याएवढा कातडीचा तुकडा काढू म्हणाले की हा गडी घाबरून परततो. जागा सुई देऊन बधिर करतात, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

त्या तुकड्यात दिसते तरी काय? कातडीची पेशी तळाशी जन्मते आणि सुमारे महिन्याभरात वर येते. वाटेत तिचे केंद्रक विरते. सोरायसिस या रोगात हीच वाट ती चार-पाच दिवसांत उरकते. त्यामुळे अगदी वरच्या पापुद्र्यातही केंद्रके शिल्लक दिसतात. खालच्या केशवाहिन्या फुगून वर सरकतात, म्हणून पापुद्रा खरवडला की रक्ताचे बारीक ठिपके येतात. शिवाय पापुद्र्यात पांढऱ्या पेशींचे लहान पुंजके. सिडनीच्या मन्रो यांनी ते १८९८ साली वर्णिले. नॉर्वेच्या हॅन्सेन यांना १८७३ मध्ये दिसलेले महारोगाचे जंतू मात्र इथे नसतात.

पण सूक्ष्मदर्शकही चकतो बरं का! असेच पुंजके गजकर्णातही सापडतात. मग काचपट्टीला वेगळा रंग द्यावा लागतो, तेव्हा बुरशीचे धागे किरमिजी दिसतात. तळहातावरच्या सोरायसिसमध्ये पेशींच्या मधे पाणी साचते आणि तो थेट इसबासारखा भासतो. आणि दुकानातून आणलेले मलम महिनाभर चोळले असेल तर खुणा पुसट होतात. तपासणारा तरी काय करील?

गुरुजी, असे चट्टे असलेल्या मुलाला बाकावरून उठवू नका. सोरायसिस शिवल्याने लागत नाही. चट्ट्याला स्पर्श कळत नसेल तर मात्र त्याला लवकर सरकारी दवाखान्यात धाडा. महारोगही औषधाने बरा होतो, आणि ते औषध तिथे फुकट मिळते.

आणि तपासणीला जाताना मलमाची रिकामी नळीसुद्धा फेकू नका. खिशात घालून न्या, आणि डॉक्टरांनी विचारण्याआधीच पुढे करा.