कपाटातली फाइल



पुण्याच्या सहकारनगरात माझे एक स्नेही राहतात. पानशेतचं धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटलं, त्यानंतर पूरग्रस्तांच्या ज्या सोसायट्या तिथे उभ्या राहिल्या, त्यांतलं हे त्यांच्या वडिलांचं घर. स्नेह्यांनी कर्ज काढून वर मजला चढवला. ते फिटलं, घराच्या कागदांची फाइल बँकेतून परत आली, त्या दिवशी घरात श्रीखंड झालं.

आता एका एजंटानं त्यांना सुचवलंय, की घर तारण ठेवा, वाकडला फ्लॅट घ्या. शेजारी हिंजवडी, आयटीतल्या भाडेकरूंना तोटा नाही. भाड्यात हप्ता सुटतो!

सुटतो का? आम्ही वही घेऊन बसलो. फ्लॅट ५० लाखांचा धरला. मुद्रांक शुल्क ७ टक्के, वर नोंदणीचे ३० हजार. म्हणजे किल्ली हातात येण्याआधीच ३ लाख ८० हजार गेले. ५० लाख १५ वर्षांसाठी साडेनऊ टक्क्यांनी घेतले, तर हप्ता सुमारे ५२ हजार. भाडं अगदी सढळ हातानं १८ हजार धरलं. उरलेले ३४ हजार पेन्शनीतून. शिवाय त्या सोसायटीचा मेंटेनन्स, मालक स्वतः राहत नाही म्हणून बिनभोगवटा शुल्क, दर अकरा महिन्यांनी नवा लिव्ह अँड लायसन्स करार आणि त्याची नोंदणी. ही नोंदणी करून घेणं कायद्यानं मालकाचंच काम.

आणि हे सगळं दर स्थिर राहिला तर. मे २०२२च्या सुरुवातीला रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ टक्क्यांवर होता, फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहा झाला. बदलत्या दराचं कर्ज असलेल्या अनेकांची मुदत परस्पर लांबली. २०२० साली तर कोविडमुळे आयटीतली मुलं लॅपटॉप घेऊन आपापल्या गावी गेली आणि वाकड-हिंजवडीत ‘भाड्याने देणे आहे’च्या पाट्या लागल्या. हप्ते सहा महिने पुढे ढकलायची सवलत मिळाली खरी. व्याज मात्र चालूच होतं.

हप्ते थकले, तर २००२च्या सरफेसी कायद्यानं बँक ६० दिवसांची नोटीस देते आणि त्यानंतर तारणाचा ताबा घेऊ शकते. तारण कुठलं? वाकडचा फ्लॅट पुढे कितीही महागो, पण इथे गहाण पडतं ते सहकारनगरचं राहतं घर. भाडेकरू नसतानाही ज्याला वर्षभर हप्ता पेलवतो, त्यानं खुशाल हा व्यवहार करावा. माझ्या स्नेह्यांना तो चार महिनेही पेलवणार नाही, असं वही म्हणते.

स्नेही अजून एजंटाला नाही म्हणालेले नाहीत. भिडस्त माणूस! वहिनींनी मात्र फाइल कपाटातून काढून दुसरीकडे ठेवली आहे. कुठे, ते त्यांनी स्नेह्यांनाही सांगितलेलं नाही.