कुलाब्याचे वारस

राजाच्या मुलाला शिकवावें कसें, हा प्रश्न आतां राजवाड्यांत उरलेला नाहीं. तो मुलांच्या खेळांत येऊन बसला आहे. स्वीडनमधील पॅराडॉक्स या कंपनीनें ‘क्रुसेडर किंग्ज’ नांवाचा, संगणकावर खेळावयाचा एक खेळ २००४ सालीं प्रथम काढला. त्याची तिसरी आवृत्ति २०२० सालीं आली. घरांतील वडील माणसें त्याकडे लढाईचा आणखी एक खेळ म्हणून पाहतात आणि मान वळवितात. वस्तुतः त्यांत तरवारीपेक्षां पाळण्याला महत्त्व अधिक आहे. खेळणारा मध्ययुगांतील एखाद्या राजाची किंवा सरदाराची भूमिका घेतो. हा राजा म्हातारा होतो आणि मरतो. मग खेळणाऱ्याला त्याच्या वारसाच्या अंगांत शिरून पुढचा डाव खेळावा लागतो. वारस मूर्ख निघाला, तर मूर्खाच्याच गुणांवर राज्य हांकणें भाग पडतें.

म्हणून जाणता खेळाडू मुलगा लहान असतांनाच त्याच्या शिक्षणाची चिंता वाहूं लागतो. मुत्सद्देगिरी, युद्ध, कारभार, कारस्थान आणि विद्या अशा पांच वाटा आहेत. त्यांपैकीं एक निवडून मुलाला पालक नेमून द्यावयाचा. सोळाव्या वर्षीं मुलगा जाणता होतो आणि त्या शिक्षणाचें फळ पदरीं पडतें. पालकाचे गुण जसे मुलांत उतरतात, तसे दोषही उतरूं शकतात. या पांच वाटांत कारस्थानाला स्वतंत्र जागा दिलेली पाहून कोणाला नवल वाटेल. ज्यांनीं मराठ्यांचीं कागदपत्रें थोडीं तरी चाळलीं आहेत, त्यांना वाटणार नाहीं.

परंतु खेळांतील खरी मेख शिक्षणांत नाहींच. आरंभींच्या काळांत बहुतेक राज्यांना वांटणीचा कायदा लागू असतो. बाप मेला कीं मुलूख मुलांमध्यें वांटला जातो, आणि काल एका ताटांत जेवणारे भाऊ आज एकमेकांच्या सरहद्दीवर उभे राहतात. अशा वेळीं थोरल्याला उत्तम शिक्षण दिलें म्हणजे भागलें असें होत नाहीं. धाकटाही तितकाच तयार झालेला असतो.

हें सारें कोणाला युरोपांतील कल्पनेचें वाटत असेल, तर त्यानें अलिबागेहून दक्षिणेकडे चौलाची वाट धरावी. नारळीपोफळीच्या वाड्यांतून जाणारी ही वाट सुमारें १७ किलोमीटरांची आहे. चौलाला लागूनच रेवदंड्याचा पोर्तुगीज कोट आणि कुंडलिकेच्या मुखापलीकडे कोरलईचा डोंगरी किल्ला. मागें अलिबागेस समुद्रांत कुलाब्याचा किल्ला आहे. ओहोटीच्या वेळीं त्याच्या दारापर्यंत पायीं जातां येतें. अठराव्या शतकांत एवढ्या टापूंत एका घराण्यानें वारसांच्या शिक्षणाचा आणि वांटणीचा जो डाव खेळला, तो कोणत्याही खेळाहून कमी गुंतागुंतीचा नव्हता. तें घराणें सरखेल कान्होजी आंगरे यांचें होय.

कान्होजीला स्वतःला वारस म्हणून कोणीं वाढविलें नव्हतें. त्याचा बाप तुकोजी शिवाजी महाराजांच्या चाकरींत होता. मुलगा सुवर्णदुर्गाच्या परिसरांत कोळी-भंडाऱ्यांच्या संगतींत वारा आणि भरती-ओहोटी ओळखावयास शिकला, असें परंपरा सांगते. त्याचें शिक्षण चाकरीनें आणि अडचणींनीं केलें. १७१३ सालीं त्यानें बाळाजी विश्वनाथाच्या मध्यस्थीनें शाहू महाराजांचा पक्ष स्वीकारला, तेव्हां सरखेलीच्या पदाबरोबर दहा किल्ले व सोळा लहान ठाणीं त्याच्याकडे राहिलीं. १७२१ सालीं इंग्रज आणि पोर्तुगीज यांनीं मिळून कुलाब्यावर चाल केली. तिचा तळ चौलासच होता. ती स्वारी फसली. १७२९ सालीं कान्होजी वारला, तेव्हां मुंबईपासून विजयदुर्गापर्यंतच्या किनाऱ्यावर त्याच्या नांवाचा दरारा होता, आणि त्याच्या मागें सेखोजी, संभाजी, मानाजी, तुळाजी, येसाजी असे कर्ते किंवा कर्ते होऊं पाहणारे मुलगे होते.

या मुलांचें शिक्षण वाईट झालें होतें काय? प्रसंग पाहिले तर तसें मुळींच म्हणतां येत नाहीं. सेखोजीनें चार वर्षें सरखेलपण नीट संभाळलें. संभाजीच्या आरमारानें १७३५ च्या अखेरीस इंग्रजांचें ‘डर्बी’ हें विलायतेहून आलेलें मोठें व्यापारी जहाज पकडलें. तुळाजीनें १७४९ सालीं मुंबईच्या इंग्रजांचें ‘रेस्टोरेशन’ हें लढाऊ जहाज काबीज केलें. मानाजीनें तर घरचे, दारचे, सातारकडचे आणि समुद्रापलीकडचे असे सर्वच शत्रू एकामागून एक झुलवीत कुलाबा शेवटपर्यंत राखला. बापानें मुलांना जहाज शिकविलें, तोफ शिकविली, किल्ला राखावयास शिकविलें. कोणाच्या हाताखालीं रहावयाचें, एवढें मात्र शिकवावयाचें राहिलें. तें कदाचित् शिकवितां येण्याजोगें नव्हतेंही; कारण मुलगे वेगवेगळ्या मातांचे, आणि किल्ले अनेक.

सेखोजी जिवंत होता तोंवर गाडें चाललें. १७३३ सालीं जंजिऱ्याची मोहीम चालू असतांना तो वारला, आणि चारच महिन्यांत भाऊबंदकीला तोंड फुटलें. सरखेलपण संभाजीकडे आलें. त्यानें कुलाबा येसाजीच्या हातीं ठेविला आणि मानाजीला दूर लोटलें. मानाजीनें पोर्तुगीजांची मदत घेऊन कुलाबा जिंकला. येसाजीचे डोळे काढून त्याला कैदेंत टाकल्याचें इंग्रज इतिहासकारांनीं लिहिलें आहे. पुढें मानाजीला पोर्तुगीज जड झाले, संभाजीही चालून आला; तेव्हां त्यानें बाजीरावाला हांक मारली. बाजीराव आला, पण फुकट आला नाहीं. कोथळीगड आणि राजमाची हे दोन किल्ले पेशव्यांकडे गेले. घरांतील एकेका रुसव्याची किंमत अशी किल्ल्यांत मोजली जात होती.

१७३५ सालीं बाजीरावानें जी तोड काढली, ती खेळांतील वांटणीच्या कायद्याचीच मराठी प्रत म्हणावी. संभाजीस ‘सरखेल’ हा किताब व दक्षिणेकडील सुवर्णदुर्ग-विजयदुर्गाचा पट्टा; मानाजीस ‘वजारतमाब’ हा नवा किताब व कुलाबा. आरमार एकाचें दोन झालें. पेशव्यांच्या सोयीची ही तोड होती यांत शंका नाहीं. एक मोठा सरखेल संभाळण्यापेक्षां दोन लहान सरखेल संभाळणें सोपें. परंतु भावांनीं ती मागून घेतली नसती, तर ती लादतां आली असती काय, हाही प्रश्न आहे.

चौलाच्या वांट्याला या वांटणीचें फळ १७४० सालीं आलें. संभाजीनें एकाएकीं उत्तरेकडे चाल करून चौल, अलिबाग, थळ आणि सागरगड घेतला व कुलाब्यास वेढा घातला. मानाजीनें पुन्हां पेशव्यांकडे धांव घेतली. मुंबईच्या इंग्रजांनींही जहाजें पाठविलीं, कारण संभाजीचा जोर मोडणें त्यांना हवेंच होतें. कान्होजीला बुडवावयास ज्यांचीं आरमारें १७२१ सालीं या किनाऱ्यावर आलीं होतीं, तेच इंग्रज त्याच्या एका मुलाच्या रक्षणार्थ दुसऱ्यावर चालून आले. चौलाच्या वाडीवाल्याला मात्र दोघेही धनी आंगरेच. सारा कोणाला द्यावा, हें त्यानें जाणावें कसें? योगायोग असा कीं, याच वर्षीं झालेल्या तहानें रेवदंडा आणि कोरलई हीं दोन्हीं पोर्तुगीज ठाणीं मराठ्यांस मिळालीं. दोनशें वर्षांहून अधिक काळ परक्याच्या हातीं असलेला कोट मोकळा होत होता, आणि शेजारीं भाऊ भावाचा किल्ला वेढून बसला होता.

मानाजीच्या मदतीस जी पेशव्यांची फौज आली, तिच्याबरोबर चिमाजी आप्पा आणि त्यांचा पुतण्या नानासाहेब होते. नानासाहेबाचें वय तेव्हां एकोणीस. बाजीराव नर्मदेकांठीं रावेरखेडीस वारल्याची बातमी त्याला या कुलाब्याच्या मोहिमेंतच कळली. बाजीरावालाही १७२० सालीं पेशवेपद मिळालें तें एकोणिसाव्या वर्षींच; आदल्या वर्षीं तो बापाबरोबर दिल्लीपर्यंत जाऊन आला होता. पेशव्यांच्या घरची तालीम ही अशी होती. मुलगा बापाच्या किंवा चुलत्याच्या स्वारींत वाढे, आणि चुलता कितीही पराक्रमी असला तरी आपण कोणाच्या नांवानें लढतों हें विसरत नसे. ज्यानें वसई घेतली, त्या चिमाजी आप्पानें पेशवाईवर कधीं हक्क सांगितला नाहीं. भाऊ कसा असावा याचा पाठ मानाजी-संभाजींना त्या वेळीं अगदीं दारांत येऊन मिळाला. अर्थात् पेशव्यांच्या घरींही हा पाठ टिकला नाहीं. राघोबादादांची कथा सर्वांना ठाऊक आहे.

संभाजीनंतर तुळाजी आला. तो बापाइतकाच धाडसी होता, आणि बापाला साधलेली एक गोष्ट, म्हणजे सातारच्या सत्तेशीं राखावयाचें सूत, त्याला साधली नाहीं. पेशव्यांनीं इंग्रजांना बोलाविलें. १७५५ सालीं सुवर्णदुर्ग पडला. १७५६ च्या फेब्रुवारींत वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले. एक गोळा ‘रेस्टोरेशन’वर पडून तें पेटलें, आणि त्या आगींत आंगऱ्यांचें आरमार जळून गेलें. तुळाजीचें उरलेलें आयुष्य कैदेंत गेलें. मराठ्यांचें समुद्रावरील बळ या एका दिवसानें संपलें असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. पण मुंबईकरांना त्यानंतर या किनाऱ्याचें भय तसें उरलें नाहीं.

कुलाब्याची शाखा राहिली. मानाजी १७५८ सालीं वारला आणि रघूजी आला. किल्ल्यांतील गणपतीचें देऊळ त्यानें १७५९ सालीं बांधलें. पस्तीस वर्षांच्या त्याच्या कारकीर्दींत घर शांत होतें. १७९३ सालीं तो गेला तेव्हां वारस मानाजी लहान. आणि मग खेळांतील पालकाचा प्रश्न खरोखरीच उभा राहिला. जयसिंग आंगरे कारभारी झाला, राजमाता आनंदीबाईशीं त्याचें बिनसलें, तंटा शिंद्यांच्या दरबारापर्यंत गेला, आणि तिकडून आलेल्या बाबूराव आंगऱ्यानें कुलाबा बळकाविला. जयसिंगाची बायको सकवारबाई हिनें खांदेरी लढविली. नवरा सुटेल या वचनावर तिनें किल्ला सोडला, पण जयसिंग मारला गेला. मानाजीला गादी मिळाली ती १८१३ सालीं बाबूराव मेल्यावर. ज्या मुलाला शिकवावयाचें, त्याचें सारें तारुण्य पालकांच्या भांडणांत सरलें.

त्याचा मुलगा दुसरा रघूजी १८१७ सालीं कोवळ्या वयांतच गादीवर बसला. १८२२ सालीं कंपनी सरकारशीं तह झाला. १८३८ च्या डिसेंबरांत रघूजी वारला तेव्हां त्याला मुलगा नव्हता. राणी गरोदर होती. पुढच्या महिन्यांत मुलगा झाला. त्याचें नांव कान्होजी ठेविलें. १८४० सालीं तें मूल गेलें, राण्यांनीं दत्तकाची परवानगी मागितली, सरकारनें ती नाकारली, आणि चौलासकट कुलाबा संस्थान त्याच वर्षीं खालसा झालें.