विमानाचे इंजिन आणि गोदाकाठचे पाणी
(गंगाखेड येथील व्याख्यानाचा मजकूर)



गंगाखेडच्या घाटावरून आकाशातील विमान पाहणाऱ्यास त्याचा या गावाशी काही संबंध असेल, असे सहसा वाटत नाही. संत जनाबाईंचे हे गाव गोदावरीचे. विमान मोठ्या शहरांचे. परंतु ज्या उसावर या परिसरातील अनेक कुटुंबांचा संसार चालतो, तोच ऊस आता विमानाच्या इंधनाचा कच्चा माल ठरू पाहत आहे. यास्तव हा विषय येथेही विचारात घेणे अगत्याचे आहे.

एक किलो विमान-इंधन जळाले की सुमारे ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडतो. सबब इंधनाची बचत हा प्रदूषण घटविण्याचा पहिला मार्ग होय. इंजिनाच्या पुढील पंख्याने ओढलेल्या हवेपैकी थोडीच हवा गाभ्यात जाऊन ज्वलनास लागते. उरलेली बाहेरून मागे फेकली जाते. या दुसऱ्या हवेचे प्रमाण वाढविले की इंधन कमी लागते व आवाजही घटतो. जुन्या सीएफएम-५६ इंजिनाच्या तुलनेत नवे लीप इंजिन सुमारे १५ टक्के इंधन वाचविते, असे त्याचे उत्पादक सांगतात. मात्र ज्वलनाचे तापमान चढविल्यास नायट्रोजनचे घातक ऑक्साइड वाढतात. एक दोष काढताना दुसरा शिरू नये, हीच रचनाकाराची खरी कसोटी.

इंजिनाच्या निर्मितीचाही भार पर्यावरणावर पडतो. टायटॅनियम व निकेलच्या मिश्रधातूंचे मोठे ठोकळे कोरून भाग घडविताना पुष्कळ मौल्यवान धातूचा कीस होतो. आता धातूची भुकटी लेसर किरणांनी वितळवून थरावर थर चढविण्याची पद्धत आली आहे. लीप इंजिनातील इंधन फवारणारी तोटी पूर्वी सुमारे २० तुकडे जोडून करावी लागे. ती आता एकसंध बनते व वजनाने २५ टक्के हलकी असते. मुलाम्यासाठी वापरले जाणारे षट्संयुजी क्रोमियम कर्करोगास कारण ठरते. म्हणून त्यास पर्याय शोधणे आणि सांडपाणी शुद्ध करणे अनिवार्य आहे. पुण्याजवळील चाकण येथे २०१५ साली सुरू झालेल्या जनरल इलेक्ट्रिकच्या कारखान्यात इंजिनांचे भाग तयार होतात. अर्थात हा प्रश्न महाराष्ट्राच्या अंगणातलाच आहे.

इंधनाचे पाऊलही महाराष्ट्रातूनच पडले. १९ मे २०२३ रोजी पुण्याहून दिल्लीस गेलेल्या प्रवासी विमानात, पुण्याच्या प्राज उद्योगाने देशी कच्च्या मालापासून बनविलेले हरित इंधन अल्प प्रमाणात मिसळले होते. आंतरराष्ट्रीय उड्डाणांत असे इंधन २०२७ मध्ये १ टक्का, २०२८ मध्ये २ टक्के व २०३० मध्ये ५ टक्के असावे, असे केंद्र शासनाचे उद्दिष्ट आहे.

येथेच सावधगिरी हवी. ऊस बारा ते अठरा महिने शेतात उभा राहतो व पाणी पितो. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे कोणी विसरलेले नाही. साखर केल्यावर उरलेल्या मळीपासून इंधन झाले, तर पाण्याचा नवा भार पडत नाही. परंतु त्यासाठी नवे क्षेत्र उसाखाली गेले, तर आकाशाचे ओझे विहिरीवर येईल. पाऊस उणा पडताच डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले होते. त्यावरून हा धागा किती नाजूक आहे, ते ध्यानी येते.

परभणी जिल्हा कापसाचाही आहे. पऱ्हाटी, उसाचे पाचट व इतर काडीकचरा यांपासून इंधन करण्याचे तंत्र पुढे येत आहे. ते परवडणारे झाल्यास आज बांधावर जळणाऱ्या वस्तूस मोल येईल.

तोवर ग्रामपंचायतींनी गावाच्या पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडावा, अधिकाऱ्यांनी उसास ठिबक सिंचनाची जोड मिळवून द्यावी आणि शिक्षकांनी इंजिनाचा व पाण्याचा हा हिशेब मुलांस एकत्रच शिकवावा. विमान स्वच्छ व्हावे, हे योग्यच. पण त्याची किंमत गोदाकाठच्या घागरीने मोजू नये.