कोरडा हिंवाळा

पाऊस लांबला म्हणजे आपल्याकडील शेतकरी जसा अंगणांत उभा राहून आभाळाकडे पाहतो, तसें आभाळाकडे पाहत राहिलेलें एक गांव मीं 2023-24 च्या हिंवाळ्यांत पाहिलें. फरक इतकाच कीं, तें गांव अमेरिकेंतील मिनेसोटा राज्याच्या उत्तर भागांत आहे, आणि तेथील लोक पावसाची नव्हे, तर बर्फाची वाट पाहत होते. 'होते' म्हणण्यापेक्षां 'होतों' म्हणणेंच प्रामाणिकपणाचें होईल. कारण गेलीं बारा वर्षें मी त्या गांवीं राहतों, तेथील स्नोमोबाइल क्लबाचा सभासद आहें, आणि माझ्याहि गॅरेजमध्यें एक गाडी झांकून ठेवलेली होती.

स्नोमोबाइल म्हणजे काय, हें आधीं थोडक्यांत सांगतों. पुढें दोन स्की, म्हणजे टोंकाशीं वर वळलेल्या घसरत्या पट्ट्या. मागें रणगाड्याला असतो तसा, पण रबरी, फिरता पट्टा. मध्यें एंजिन आणि वर मोटारसायकलसारखी बैठक. स्कीनें दिशा धरावयाची आणि पट्ट्यानें बर्फ मागें लोटीत पुढें जावयाचें. आज ही बव्हंशीं मौजेची वस्तु झाली आहे. परंतु तिचा जन्म मौजेंतून झालेला नाहीं. कॅनडांतील क्वेबेक प्रांतांत व्हॅलकूर नांवाचें गांव आहे. तेथील जोझेफ-आर्मां बोंबार्डिए हा तरुण कारागीर बर्फावर चालणाऱ्या गाडीचे प्रयोग करीत असतांनाच, 1934 च्या हिंवाळ्यांत, त्याचा लहानगा मुलगा पोटाच्या विकारानें अत्यवस्थ झाला. रस्ते बर्फाखालीं गेलेले, इस्पितळ दूर. मूल हातचें गेलें. 1937 सालीं बोंबार्डिएला आपल्या पट्ट्याच्या रचनेचें पेटंट मिळालें. त्याच्या पहिल्या गाड्या मोठ्या होत्या. त्यांतून डॉक्टर जात, टपाल जाई, मुलें शाळेस जात. एकदोघांनीं बसावें अशी हलकी 'स्की-डू' निघाली ती 1959 मध्यें. मिनेसोटांतील रोझो व थीफ रिव्हर फॉल्स या दोन लहानशा गांवांतहि त्याच सुमारास अशा गाड्यांचे कारखाने उभे राहिले, आणि पाहतां पाहतां उत्तरेकडील घरोघरीं ही गाडी येऊन बसली.

गाडी आली म्हणजे वाट पाहिजे. एकट्या मिनेसोटा राज्यांत या गाड्यांसाठीं राखलेल्या वाटांची लांबी 22,000 मैलांच्या वर आहे. ऐकणारास वाटेल, सरकारनें सडका बांधल्या असतील. तसें नाहीं. यांतील बहुतेक वाटा खासगी मालकीच्या शेतांतून, कुरणांतून आणि रानांतून जातात, आणि गांवोगांवचे क्लब त्या राखतात. गाड्यांच्या नोंदणीची फी आणि पेट्रोलवरील कराचा कांहीं अंश यांतून राज्य क्लबांना अनुदान देतें. परंतु आमच्या वाटेवरील एकाहि शेतमालकास जागेबद्दल भाडें मिळत नाहीं. तो 'जा' म्हणतो, म्हणून वाट आहे. आपल्याकडील पाणंदीला निदान वहिवाटीचा आधार तरी असतो. तेथें तोहि नाहीं. एखाद्या वर्षीं मालकानें नको म्हटलें कीं संपलें. आणि चाळीस मैलांच्या वाटेंतून मधला अर्धा मैल निघाला, तर उरलेल्या साडेएकोणचाळीस मैलांचा कोणास काय उपयोग?

या वाटेचें काम ऑक्टोबरांतच सुरू होतें. आडवीं पडलेलीं झाडें कापावयाचीं, ओढ्यांवरचे लांकडी पूल तपासावयाचे, पीक निघालें कीं शेतांतून खुंट्या ठोकून खुणेच्या पाट्या लावावयाच्या. हें सारें सभासद आपले शनिवार-रविवार खर्चून करतात. मग बर्फ पडलें म्हणजे ग्रूमर निघतो. ग्रूमर म्हणजे पट्ट्यांवर चालणारा मोठा ट्रॅक्टर आणि त्यामागें ओढलेला पात्यांचा जड सांगाडा. नांगरटीनंतर ढेकळें फोडावयास आपण शेतांत फळी फिरवितों, तिचाच हा अवाढव्य अवतार. वर्दळीनें झालेले उंचवटे पातीं कापतात, खळगे भरतात, आणि मागचा सपाट तवा तें सारें दाबून बसवितो. हें काम रात्रीं चालतें. कारण रात्रीं वर्दळ नसते, आणि दाबलेलें बर्फ थंडीनें पहांटेपर्यंत घट्ट होतें. ग्रूमर ताशीं सहा-सात मैलांवर जात नाहीं. महिन्यांतून दोन रात्रीं माझी पाळी असते. गरम कॉफीचा थर्मास, पुढें दिव्याच्या झोतांत पांढरी वाट आणि मधूनच थबकून पाहणारें हरिण. त्या रात्रींच्या लोभानेंच मी या क्लबांत टिकलों, गाडी पळविण्याच्या नव्हे.

ग्रूमर फिरण्यास साधारण 12 इंच बर्फ लागतें. दाबून त्याचे चारसहा इंच उरतात. शिवाय बर्फाच्या आधीं जमीन गोठावी लागते. न गोठलेल्या दलदलीवर बर्फ पडलें, तर तें गोधडीसारखें वर पसरतें, खालचा चिखल उबेंत राहतो, आणि ग्रूमर त्यांत पोटापर्यंत रुततो.

आदल्या वर्षीं, म्हणजे 2022-23 मध्यें, ड्यूलथ शहरीं 140 इंच बर्फ पडून पूर्वीचा उच्चांक मोडला होता. त्या भरांत आमच्या क्लबानें कर्ज काढून एक वापरलेला, पण चांगला ग्रूमर घेतला. आणि पुढचा हिंवाळा मिनेसोटाच्या सगळ्या नोंदींतला सर्वांत उबदार ठरला! पॅसिफिक महासागरावर एल निनो होता, आणि त्याच्या जोडीला पृथ्वीच्या हवेचें एकंदर तापणें होतेंच. 1 डिसेंबर हा वाटा उघडण्याचा दिवस. तो कोरडा गेला. नाताळच्या दिवशीं पाऊस पडला. 29 डिसेंबरला अपर रेड लेक या विस्तीर्ण तळ्यावर मासे धरावयास गेलेले शंभरावर लोक, पायांखालचा बर्फाचा थर किनाऱ्यापासून तुटल्यामुळें, पाण्यावर तरंगत राहिले; त्यांना सोडवून आणावें लागलें. जानेवारीच्या शेवटीं होणारी जॉन बेअरग्रीझ ही कुत्र्यांच्या घसरगाड्यांची शर्यत रद्द झाली. शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यांतील अमेरिकन बर्कबायनर ही स्कीची प्रसिद्ध शर्यत फेब्रुवारींत झाली खरी; परंतु यंत्रानें केलेलें बर्फ पसरून 10 किलोमीटरांचें एक रिंगण तयार केलें होतें, त्यांतच लोक फिरले.

जानेवारीच्या मध्यास खरी थंडी पडली. जमीन गोठली, आणि आमच्याकडे पांच इंच बर्फ आलें. लागलीच क्लबाची सभा भरली. एरवीं सभेला पंधरावीस माणसें असतात. त्या संध्याकाळीं खुर्च्या पुरल्या नाहींत. प्रश्न एकच : वाट उघडावी कीं उघडूं नये? गांवांतील मोटेलच्या मालकीणबाईंनीं आपली वही आणली होती. डिसेंबरपासून रद्द झालेल्या खोल्यांची यादी त्यांनीं वाचून दाखविली. वाचतांना त्यांचा आवाज जराहि चढला नाहीं, म्हणूनच तें अधिक लागलें. पेट्रोलपंपावरचीं दोन मुलें कामावरून कमी झालीं होतीं. ग्रूमरचा हप्ता डोक्यावर होता.

आमच्या अध्यक्ष एक निवृत्त शिक्षिका आहेत. त्या म्हणाल्या, "पांच इंचांत ग्रूमर घातला, तर बर्फाबरोबर मातीहि निघेल. आणि वाट उघडी आहे असें एकदां आपण सांगितलें, कीं दोनशें मैलांवरून माणसें येतील. कोणाच्या शेतांत काय आहे, हें त्यांना काय ठाऊक?" शेतांत होता लसूणघास. हें पीक एकदां पेरलें कीं तीन-चार वर्षें उभें राहतें. त्याचे गड्डे जमिनीलगत असतात, आणि थंडीपासून त्यांचें रक्षण बर्फाचें पांघरूणच करतें. पांघरूण पातळ असतांना वरून गाड्या गेल्या, तर तें दबून कठीण कवच होतें. खालचे गड्डे गारठतात, गुदमरतात. हें सर्व ऐकूनहि मी उघडण्याच्या बाजूनें हात वर केला. मोटेलची वही माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हती, असें मी तेव्हां स्वतःला सांगितलें. खरें म्हणजे मला गाडी चालवावयाची होती. ठराव 14 विरुद्ध 19 मतांनीं पडला.

त्या रविवारीं मी गाडी तळ्यावर नेली. तळ्यावर कोणाचें पीक नसतें! मात्र बर्फाची जाडी मोजून घेतली. मराठींत आपण दोहोंनाहि बर्फच म्हणतों; पण आभाळांतून पडणारें भुसभुशीत बर्फ निराळें, आणि पाणी गोठून झालेलें कांचेसारखें बर्फ निराळें. हें दुसरें स्वच्छ व नवें असेल, तर माणसास चालण्यासाठीं 4 इंच आणि स्नोमोबाइलसाठीं 5 ते 7 इंच जाडी पाहिजे, असा मिनेसोटांतील सरकारी दंडक आहे. तें पांढुरकें असेल, तर जाडी दुप्पट धरावयाची. गिरमिटानें ठिकठिकाणीं भोकें पाडून पाहिलें. 9 इंच भरलें. मी निघालों, आणि दहा मिनिटांत एंजिन तापल्याचा तांबडा दिवा लागला. मागोमाग जळक्या प्लॅस्टिकचा वास.

झालें होतें असें. मोटारीच्या एंजिनाला वारा थंड करतो. माझ्या गाडींत तें काम बर्फाकडे आहे. एंजिनांतील गरम पाणी गाडीच्या पोटाखालच्या धातूच्या पन्हळींतून फिरतें, आणि पट्ट्यानें उडविलेलें बर्फ पन्हळीवर आदळून तिला थंड ठेवतें. पट्टा ज्या दोन दांड्यांवरून सरकतो, त्यांच्या तळाशीं प्लॅस्टिकच्या पट्ट्या असतात. त्यांना तेल घालीत नाहींत, वितळत्या बर्फाचा ओलावा हेंच त्यांचें वंगण. म्हणजे बर्फ हाच या गाडीचा रस्ता, तेंच तिचें पाणी आणि तेंच तिचें तेल. कांचेसारख्या कोरड्या बर्फावर यांतलें कांहींच मिळत नाहीं. यावर उपाय आहे : दांड्यांना मागें फरफटणाऱ्या पोलादी तारा लावतात, त्या कठीण बर्फ खरवडून त्याचा भुगा पट्ट्यावर उडवितात. तशा तारा माझ्याजवळ होत्या; गॅरेजमध्यें, खोक्यांत. मी गाडी थांबवून एंजिन निवेपर्यंत उभा राहिलों, थोडी चालविली, पुनः थांबलों, असें करीत दीड मैल घरीं आलों. प्लॅस्टिकच्या पट्ट्या वितळून वांकड्या झाल्या होत्या.

न चालविलेली गाडी मात्र अधिक सुखांत असते असें नाहीं. पेट्रोल शिळें होऊन त्याचा चिकट साका कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत बसतो. म्हणून तें टिकविणारें औषध टाकींत घालून एंजिन थोडें चालवावें लागतें. मागची बाजू ठोकळ्यांवर उचलून ठेवावी लागते. माझ्या एका मित्राच्या गाडींत हवेच्या पेटीमध्यें उंदरांनीं संसार थाटला होता. सूर्यफुलाच्या बियांची त्यांची बेगमी पाहून आम्हांला हंसूं आवरेना. गांवांत तेवढा एकच प्राणी त्या हिंवाळ्यावर खूष असावा.

पुढच्याच आठवड्यांत एका सकाळीं अध्यक्षबाईंना फोन आला. आमची वाट ज्याच्या दोन शेतांतून जाते, तो म्हातारा शेतकरी एवढेंच म्हणाला, "येऊन पाहा." रात्रीं दोन गाड्या लसूणघासांतून गेल्या होत्या, वळणावर तर माती उकरून वर आली होती. त्यांतली एक गाडी माझ्या शेजारच्या सतरा वर्षांच्या मुलाची होती. त्यानें तें आपण होऊन सांगितलें, आणि आम्हां दोघांबरोबर तो त्या घरीं आला. दुसरी कोणाची होती, तें त्यानें सांगितलें नाहीं, व म्हाताऱ्यानेंहि विचारलें नाहीं. मुलगा टोपी हातांत धरून उभा होता. मीं हात कोणत्या बाजूनें वर केला होता, हें तेथें कोणास सांगावयाचें कारण नव्हतें. मीं सांगितलें नाहीं.

म्हातारा म्हणाला, "माझ्या वडिलांनीं तुमच्या क्लबाला वाट दिली. मी दर वर्षीं कागद न वाचतां सही करतों. यंदा वाचीन. गवत वर येऊं द्या. मे महिन्यांत या."

फेब्रुवारी तसाच कोरडा गेला. ग्रूमर एकदांहि वाटेवर निघाला नाहीं; मासळीच्या जेवणावळी घालून व सोडत काढून क्लबानें हप्त्यापुरते पैसे कसेबसे जमविले. मोटेल मार्चच्या पहिल्या आठवड्यांत बंद झालें. आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यांत, आम्ही पाट्या काढून आणल्यावर, राज्यभर वादळ होऊन बर्फ पडलें! 1 एप्रिलला वाटा बंद होतात. मी दारांत उभा राहून तें पडतांना पाहिलें. शेजारचा मुलगाहि आपल्या दारांत उभा होता. कोणीं गाडी बाहेर काढली नाहीं.

मे महिन्याच्या मध्यास आम्ही तिघें पुनः गेलों. शेत हिरवें होतें, आणि त्यांतून हातभर रुंदीचे दोन पिंवळे पट्टे कुंपणापर्यंत गेले होते. वळणावर तर उघडी माती. म्हाताऱ्यानें चष्मा लावून कागद खरोखरच पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मग पेन्सिलीनें मागच्या बाजूस शेताचा आकार काढून, मधून जाणारी रेघ खोडली आणि कडेनें, कुंपणालगत, दुसरी काढली. वाट पाऊण मैलानें वाढली. "एवढी चालेल?" त्यानें मुलाला विचारलें, आम्हांला नव्हे. मुलगा हो म्हणाला. मग त्यानें सही केली.

ऑक्टोबरांत त्या कडेनें खुंट्या ठोकावयास तो मुलगा व मी गेलों होतों. 64 लागल्या.