विवक्षित क्षणापर्यंत नोंदींची पुनःप्राप्ती

तलाठी दप्तराशी ज्यांचा संबंध आला आहे, त्यांना हा विषय नवा वाटू नये. सातबारा आजची स्थिती सांगतो. ती कशी झाली, हे फेरफार नोंदवहीत क्रमवार लिहिलेले असते. सातबाऱ्याचे पुस्तक नष्ट झाले, तरी जुनी खरी प्रत आणि नंतरचे सर्व फेरफार हाती असल्यास ते एकामागून एक चढवीत आजपर्यंत येता येते. इतकेच नव्हे, तर चुकीच्या फेरफाराच्या आदल्या नोंदीवर थांबताही येते.

संगणकावरील डेटाबेसची विवक्षित क्षणापर्यंतची पुनःप्राप्ती याच तत्त्वावर चालते. कोणताही बदल मूळ कोष्टकात कायम करण्यापूर्वी तो ‘लॉग’ नामक क्रमिक नोंदवहीत उतरवावयाचा, हा नियम. आय.बी.एम.मधील सी. मोहन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली ‘एरीज’ या पद्धतीच्या रूपाने त्याची सविस्तर मांडणी केली. पोस्टग्रेस प्रणालीत ही सोय २००५ मधील ८.० आवृत्तीपासून आहे. संपूर्ण प्रत पुनःस्थापित करावयाची, तिच्यावर लॉग चढवावयाचा आणि नेमून दिलेल्या वेळेस थांबावयाचे. थांबणे महत्त्वाचे, कारण लॉगमध्ये चुकीचा आदेशही इमानाने लिहिलेला असतो. क्षणोक्षणी अद्ययावत होणारी जुळी प्रत येथे कामास येत नाही. चूकही तिच्यात तत्काळ उतरते.

३१ जानेवारी २०१७ रोजी ‘गिटलॅब’ या संस्थेतील एका अभियंत्याने दुय्यम यंत्रावरील समजून मुख्य यंत्रावरीलच सुमारे ३०० गिगाबाइट माहिती पुसली. दैनंदिन प्रती शोधल्या, तर जागा रिकामी! डेटाबेस ९.६ आवृत्तीचा आणि प्रत काढणारे साधन ९.२ चे, त्यामुळे प्रत निघतच नव्हती. तसे कळविणारी पत्रेही कोणापर्यंत पोहोचत नव्हती. लॉगचा संग्रह ठेवलेला नव्हता. अन्य कामासाठी सुमारे सहा तास आधी सहज घेतलेली एक प्रत तेवढी सापडली. मधल्या काळातील सुमारे ५,००० प्रकल्प, तितकेच अभिप्राय आणि ७०० नवी खाती गेली.

लॉगचा संग्रह असता, तर पुसण्याच्या आदल्या क्षणापर्यंत येता आले असते. अर्थात तो संग्रह वेगळ्या यंत्रावर आणि अखंड हवा. मधली एक फाईल गहाळ झाली, तर नोंदी तेथपर्यंतच चढतात. वेळ सांगतानाही दक्षता हवी. अनेक यंत्रे जागतिक प्रमाणवेळेवर चालतात. आपल्याकडील सकाळचे ११ वाजून १२ मिनिटे तेथे ५ वाजून ४२ मिनिटे असतात. हा फरक न पाहता ‘११.१२’ असे लिहिले, तर यंत्र चूक ओलांडून साडेपाच तास पुढे जाते.